बर काढ, माप बदलू नको

सल्ला विचारायला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा २७ वर्षांचा, निफाड तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या एका छोट्या व्हेंडरकडे चार वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून नोकरी सोडली आणि चौदा महिने घरी राहून त्यांचं आणि दोन एकर द्राक्षबागेचं बघितलं. आता वडील काठी घेऊन चालतात, बाग चुलतभाऊ बघतोय, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि हा परत नोकरी शोधतोय. तीन इंटरव्ह्यू झाले, तिन्हीकडे "कळवतो" म्हणाले, कोणी कळवलं नाही. पहिल्या ठिकाणी खरं सांगितलं, घरी होतो. दुसऱ्या ठिकाणी सिडकोतल्या एका प्लेसमेंटवाल्याच्या सांगण्यावरून मित्राच्या वर्कशॉपमध्ये होतो म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी त्याच माणसाने दिलेली इंग्लिश उत्तरं पाठ करून गेला आणि मधेच विसरला. आता तो प्लेसमेंटवाला म्हणतोय, तीन हजार दे, वर्कशॉपचं चौदा महिन्यांचं एक्सपिरियन्स लेटर करून देतो. पुढच्या मंगळवारी गोंद्याला इंटरव्ह्यू आहे. शेवटची ओळ तशीच देते: "ताई, खरं बोललं तर घेत नाहीत, खोटं बोललं तर खुर्चीत मी नसतोच, दुसराच कोणीतरी बसलेला असतो. काय करू?"

अरे, आधी सांगून टाकते, तुला अरे-तुरे करतेय, माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस म्हणून चालवून घे. दुसरं, मी सातपूरला एका कंपनीत बावीस वर्षं पर्सोनेलमध्ये होते, पर्सोनेलचं एचआर झालं तेव्हाही त्याच खुर्चीत होते, म्हणजे तुझ्यासारखी पोरं घाम पुसत ज्या टेबलासमोर बसतात त्या टेबलाच्या पलीकडची मी. त्यामुळे थोडं तिकडचंही सांगेन.

तुझ्या त्या ओळीतला पहिला तुकडा मला काही पटत नाहीये. खरं बोललं तर घेत नाहीत म्हणतोस. किती वेळा बोललास? एकदा. आणि काय बोललास ते तूच लिहिलंयस, त्यांनी विचारलं चौदा महिने काय करत होतात, तू म्हणालास "घरी होतो सर, घरगुती प्रॉब्लेम होता" आणि खाली बघितलंस. झालं. आता पलीकडच्या माणसाने यातून काय समजायचं? भावकीची केस, दारू, कंपनीने काढून टाकलं, काहीही असू शकतं, आणि बाहेर बाकावर अजून दहा-अकरा जण बसलेत, तो कशाला उकरत बसेल. त्याने तुझं खरं नाकारलं असं तू धरून चाललायस, मला तर वाटतं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

आणि गंमत बघ, मला लिहिताना तू सगळं सांगितलंस. ऑक्टोबरची गोडी छाटणी तू स्वतः उभं राहून करून घेतलीस, डावणी (बुरशीचा रोग) येणार म्हणून पहाटे फवारणी, माल एक्सपोर्टला द्यायचा म्हणून फवारणीची वही रोजच्या रोज, कुठलं औषध, किती डोस, काढणीच्या किती दिवस आधी बंद, सगळं तारखेनिशी. मणी १८ एमएमच्या पुढे गेला का ते गेज लावून बघायचास. रेसिड्यूचा, म्हणजे मालात औषधाचे अंश राहिलेत का ते बघायचा, सॅम्पल पास झाला तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले, हेही लिहिलंयस. आता मला सांग, हे सगळं क्वालिटीचं काम नाही तर काय आहे? २०१० साली सीसीसीचे (वेलीची वाढ रोखायला वापरतात ते रसायन) अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, नाशिक जिल्ह्यात कितीतरी घरं त्यात पोळली, त्यानंतर नोंदवही आणि रेसिड्यू टेस्ट म्हणजे काय चीज आहे हे इथल्या कुठल्याही बागाईतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. ट्रेसेबिलिटी, ट्रेसेबिलिटी (मालाचा मागे माग काढता येणं) म्हणून कंपन्यांमध्ये जे ट्रेनिंग देतात ते तू बागेत चौदा महिने केलंस आणि इंटरव्ह्यूला जाऊन त्याला "घरगुती प्रॉब्लेम" म्हणालास!

म्हणजे गॅप लपवायचा की सांगायचा हा प्रश्न नंतरचा. तुला स्वतःलाच त्या चौदा महिन्यांची लाज वाटतेय, ते आधी बघ. कॉलनीतले, मामा, जुने मित्र "अजून घरीच का?" विचारतात त्यातून ती आलीय, हे मला कळतं. पण गोंद्याच्या त्या केबिनमध्ये तुझा मामा बसलेला नसणार.

आता तीन हजाराचं लेटर. याच्यावर मी फार वेळ घालवणार नाही कारण यात दोन बाजू नाहीतच. तुझ्या पीएफला यूएएन नंबर आहे, कंपनी बदलली तरी तोच राहतो, २०१४ पासून हे सुरू झालं, त्यात तू कधी लागलास, कधी सोडलीस, कुठल्या महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन भरलं सगळं दिसतं. नवीन ठिकाणी जॉइन होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात आधीची माहिती द्यायची असते. तू म्हणणार मित्राचं वर्कशॉप, चार माणसं, पीएफच नाही. बरं. मग पगार बँकेत आला का, स्लिप आहे का, तिथे कुठली मशीन होती, सेटिंग कोण करायचं? दुसऱ्या इंटरव्ह्यूत तुला हेच विचारलं ना, आणि तूच लिहिलंयस की पाठीवरून घाम खाली जाताना कळत होता. लेटर हातात आलं म्हणून तो घाम थांबणार नाहीये. आणि समजा पकडला नाही गेलास, लागलास, सहा महिन्यांनी व्हेरिफिकेशनवाल्याचा फोन मित्राला गेला आणि त्याच्या बायकोने उचलला, मग? अशी एक केस मी स्वतः हाताळलीय, मुलगा कामाला चांगला होता, खरंच चांगला, आणि त्याला गेटवर आयकार्ड जमा करायला मीच सांगितलं. तो दिवस मला आजही नको वाटतो.

(एक साइडची गोष्ट, अप्रेंटिसशिपच्या काळात पीएफ कापत नाहीत, तेव्हा तो काळ पासबुकात दिसला नाही म्हणून कोणी घाबरून जाऊ नये, त्याचं सर्टिफिकेट असतं ते दाखवायचं. हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.)

आता तुझ्या ओळीचा दुसरा तुकडा, खुर्चीत मी नसतोच. हे मात्र मला लागलं. पण त्यातही एक गोष्ट आहे जी तू बरोबर धरलीयस आणि एक जी गडबड आहे.

तू चार वर्षं इन्स्पेक्शन केलंयस, तुझ्याच भाषेत बोलू. ड्रॉइंगवर डायमीटर २५, प्लस-मायनस ०.०२. मायक्रोमीटरला आलं २५.०३. काय करतोस? तू लिहिलंयस की न घेतलेल्या रीडिंगवर तू कधी सही केली नाहीस, त्यावरून तुमच्या सुपरवायझरशी दोनदा वाजलं. म्हणजे तू पार्ट बाजूला ठेवतोस, टॅग लावतोस, रिपोर्टवर २५.०३ च लिहितोस आणि कस्टमरकडे डेव्हिएशन मागतोस, की बाबा असं असं झालंय, असेंब्लीला अडत नाहीये, चालेल का. कस्टमर कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो. तुझा गॅप म्हणजे हेच आहे. रीडिंग खरं लिहायचं आणि डेव्हिएशन मागायचं, नीट कारण देऊन.

पण हेही बघ, पार्ट मशीनवरून उतरला की तसाच पाठवतो का आपण? बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस, काढतो, कडा मारतो, पुसतो, ऑइल लावतो, पिशवीत घालतो. त्याने माप बदलतं का? तर बर काढणं वेगळं आणि माप बदलणं वेगळं. इस्त्रीचा शर्ट घालणं, उत्तराची घरी तयारी करणं, आवाज जरा मोठा ठेवणं, बाबांची तब्येत दोन वाक्यांत आटपून बागेच्या वहीवर चार वाक्यं बोलणं, याला तू खोटं समजतोस असं पत्र वाचताना दोन-तीनदा वाटलं. ते खोटं नाहीये रे. तू बाबांशी एका आवाजात बोलतोस, पारावर दुसऱ्या, मॅनेजरशी तिसऱ्या, त्यातला डुप्लिकेट कोणता? सगळे तूच. सोसायटीचं कर्ज किती आहे, बाबा रात्री कितीदा उठतात, हे त्यांना सांगायची गरजच नाही आणि न सांगितलं म्हणून तू अप्रामाणिक ठरत नाहीस. गाळायचा हक्क तुला आहे, घालायचा नाही.

मी तुझ्या जागी असते तर साधारण असं बोलले असते: "सर, वडिलांना पॅरालिसिस झाला, घरात करणारा मीच, म्हणून मी रीतसर राजीनामा दिला. चौदा महिने त्यांचं आणि आमच्या दोन एकर द्राक्षबागेचं बघितलं, माल एक्सपोर्टला दिला, फवारणीचं रेकॉर्ड मी ठेवायचो, रेसिड्यू टेस्ट पास झाली. आता वडील चालतात, बाग भाऊ बघतो. मायक्रोमीटर हातात घेऊन वर्ष झालंय, पहिले आठ दिवस हात बसवायला लागतील, पण काम विसरलो नाही." एवढं बोलून थांबायचं. थांबणं महत्त्वाचं, आपली पोरं खरं सांगतात आणि मग घाबरून पुढे बडबडत राहतात. आणि हे माझे शब्द पाठ करू नकोस हं, नाहीतर प्लेसमेंटवाल्याऐवजी मी एवढाच काय तो फरक.

पाठ करण्यावरून आठवलं. एकदा आमच्याकडे वॉक-इन होता, सकाळपासून सात पोरांनी "आय ॲम हार्ड वर्किंग अँड क्विक लर्नर" हे एकाच चालीत, एकाच चुकीसकट म्हटलं, कुठल्यातरी एकाच क्लासची असणार. जेवणानंतर आठवा आला, त्याने आय ॲम म्हटलं आणि आमच्या प्लांट मॅनेजरनी पुढचं वाक्य पूर्ण केलं. बिचारा पोरगा हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बघत राहिला. मग साहेब म्हणाले, अरे मराठीत सांग ना, काय करतोस तू दिवसभर. तेव्हा तो कोपरगावच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये ड्रिल का तुटतात यावर दहा मिनिटं बोलला आणि त्या दिवशी घेतला तो तोच एकटा. त्यामुळे मंगळवारी सरळ विचार, "सर, थोडं मराठीत सांगितलं तर चालेल का?" गोंद्याला, सिन्नरला, अंबडला टेबलापलीकडे बरेचदा आपलाच कोणीतरी असतो. नसला तर मोडक्या इंग्लिशमध्ये बोल, तुझे कामाचे शब्द तर सगळे इंग्लिशच आहेत, गेज, रिजेक्शन, रीवर्क, तिथे तू अडकणार नाहीस. अडकतोस ते पॅशन आणि फाइव्ह इयर्स प्लॅनमध्ये, आणि तिथे आम्हीही अडकायचो, खरं सांगू.

वीकनेस विचारतील. परफेक्शनिस्ट म्हणालास तर मी तुझ्या नावाने तीळ-तांदूळ सोडले असं समज. तुझ्याकडे खरा वीकनेस आहे, तूच लिहिलायस, लाइन थांबवली की प्रॉडक्शनवाल्यांशी बोलताना आवाज चढतो. तोच सांग, आणि त्याचं काय करतोस तेही सांग, आधी पार्ट आणि रीडिंग त्यांच्या हातात देतो, मग बोलतो असं काहीतरी, जे खरंच करत असशील ते. करत नसशील तर आधी करायला लाग मग सांग. आमच्याकडे एकजण म्हणाला होता मला फर्स्ट शिफ्टला जाग येत नाही, आम्ही सगळे हसलो, त्याला सेकंडला टाकलं, अनेक वर्षं सेकंडला होता.

आता ज्या गोष्टीची तू पत्रात फक्त एका ओळीत वाट लावलीयस तिथे येते, कारण मला तीच सगळ्यात जड वाटतेय. प्लेसमेंटवाल्याने सांगितलंय "एनी शिफ्ट, एनी लोकेशन, नो प्रॉब्लेम म्हणायचं", आणि तू तिन्हीकडे तसं म्हणालास. अरे, मागचं खोटं कागदावर पकडलं जातं, पुढचं खोटं कोणी पकडत नाही, ते आपल्यालाच रोज जगावं लागतं. निफाडकडून गोंदे म्हणजे नाशिक ओलांडून मुंबई हायवेला पलीकडे, एका बाजूचं साठ-सत्तर किलोमीटर. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी बाइकवर झोपेत नाशकातला द्वारका चौक पार करणार आहेस? बाबांना रात्री उठवायला कोण? आई एकटी उचलू शकते का त्यांना? हे तू ठरवलंयस का घरी बसून? ठरवलं असशील, नाशकात खोली घेईन किंवा रात्रपाळीच्या आठवड्यात चुलतभाऊ घरी झोपेल, तर मग बिनधास्त नो प्रॉब्लेम म्हण, ते खरंच आहे. नसेल ठरवलं तर तू त्यांना असं काहीतरी कबूल करतोयस जे तुझ्या हातात नाही.

मी स्वतः हे केलंय. माझ्या पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला विचारलं, मुलगी लहान आहे, उशिरापर्यंत थांबावं लागलं तर? मी हसत म्हणाले काहीच अडचण नाही सर. नोकरी लागली. पुढचे सात-आठ महिने मी रोज साडेपाचला घड्याळाकडे बघत, सासूबाईंना शेजारच्यांच्या फोनवर निरोप देत, काहीतरी कारणं सांगत काढले, शेवटी साहेबांनी बोलावून विचारलं की तुम्हाला नेमकं जमतं काय ते एकदा सांगा. तेव्हा सांगितलं, आणि त्यांनी वेळ बदलून दिली. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दिली असती का? माहीत नाही, कदाचित नोकरीच दिली नसती. म्हणून मी तुला असं सांगणार नाही की खरं बोल आणि बघ कसं सगळं छान होतं. कधीकधी खरं बोलून नोकरी जाते. डेव्हिएशन प्रत्येक वेळी पास होत नाही. पण जी नोकरी "पहिले तीन महिने रात्रपाळी नको" एवढ्यावर जाते, ती त्या तीन महिन्यांत तशीही गेली असती, आणि तोपर्यंत नाशकातल्या खोलीचं डिपॉझिट भरून झालं असतं.

हे फक्त तुझ्यासाठी नाहीये. मुली लिहितात, लग्न कधी, मूल कधी असं विचारतात, काय सांगू. बाळांनो, तिथेही तोच हिशोब, जे कामाला लागू नाही ते सांगायचं बंधन नाही, "सर, कामाच्या वेळेची मला अडचण येणार नाही" एवढं खरं असेल तर एवढंच बोला आणि विषय कामावर आणा, उगाच "मला लग्नच करायचं नाही" अशी शपथ घेऊ नका. मुक्त विद्यापीठातून डिग्री केलेले लिहितात, कॉलेजचं नाव सांगताना पुटपुटतो. कशाला? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आपल्याच गंगापूर धरणाच्या रस्त्याला, आणि दिवसा काम करून रात्री अभ्यास केला हे तर मोठ्याने सांगायची गोष्ट आहे. पगार फुगवून सांगणाऱ्यांना मात्र माझी सहानुभूती नाही, स्लिप मागतात रे, शेवटच्या तीन महिन्यांची.

एक शंका राहिली, विचारू का नको असं झालंय, पण विचारते. तू लिहिलंयस "बागेत असताना मला कोणी विचारायचं नाही की तू स्वतःला पाच वर्षांनी कुठे बघतोस." ते वाचून मी हसले आणि मग थांबले. तुला नोकरी नक्की हवीये ना? मी तुला शेतीकडे ढकलत नाहीये, दोन एकरात दोन भावांची घरं आणि वर अवकाळी, ते गणित तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, आणि सोसायटीचा हप्ता वाऱ्यावर फिटत नाही. पण मनात जर असं असेल की वर्षभर नोकरी करतो, कर्ज फेडतो आणि परत बागेत जातो, तर पर्मनंटच्या मागे न धावता एखादा कॉन्ट्रॅक्ट बघ, अंबडला जुन्या ओळखीवर आधी विचार, पगार दोन-तीन हजार कमी पडेल पण रोज घरी येशील. आणि जुन्या कंपनीच्या सुपरवायझरला फोन करायला लाजू नकोस. सही न करण्यावरून त्याच्याशी वाजलं होतं हे खरं, पण नवीन ठिकाणाहून त्याला फोन गेलाच तर तो काय सांगेल? हा पोरगा खोटं रीडिंग टाकत नाही. वैतागून सांगेल, पण सांगेल. इंटरव्ह्यूला त्याच्याबद्दल तू स्वतःहून वाईट बोलू नकोस एवढंच, विचारलं तरी "कामावरून मतभेद व्हायचे, पण कामच शिकलो त्यांच्याकडे" यावर सोड.

मंगळवारच्या आधी एक काम कर. रविवारी संध्याकाळी बाबांच्या शेजारी बस आणि ते चौदा महिने त्यांना सांगून बघ, जणू त्यांनी बघितलेच नाहीत असं, मोठ्याने, एकदा. कुठे अडखळतोस ते तुला कळेल, आणि काय चुकलं ते बाबा सांगतीलच, फवारणीची तारीख चुकवलीस तर नक्कीच. मग मंगळवारी फाइलमध्ये डिप्लोमाच्या मार्कशीटबरोबर ती फवारणीची वहीपण ठेव. डाग पडलेत म्हणून झेरॉक्स काढत बसू नकोस, तशीच ने. आणि निघताना ते विचारतील तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा नाही म्हणू नकोस, कंपनीची बस निफाडच्या बाजूला कुठपर्यंत येते आणि फर्स्ट शिफ्टला द्वारकावरून किती वाजता सुटते ते विचारून घे.